पाच दिवसांचा प्रवास आणि एक एकेरी तिकीट

(गटाच्या मासिक बैठकीत केलेलं भाषण. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे.)

मला निरोप आला तो असा, की सहा महिने इंग्लंडला राहून आलात, आता प्रवासवर्णन सांगा. मी हो म्हटलं खरं, पण घरी बसून आठवायला लागले तर माझ्याकडे सांगण्यासारखं प्रवासवर्णन पाच दिवसांचंच निघालं. बाकीचे साडेपाच महिने मी रेडिंगला लेकीच्या दोन खोल्यांच्या घरात होते. तिथलं वर्णन तुम्हाला सांगायची गरज नाही. डिंकाचे लाडू, आळिवाची खीर, बाळाची अंघोळ, दुपट्यांच्या घड्या. हे सगळं तुम्ही इथे केलंय, मी तिथे केलं. फरक एवढाच, की दोरीवर वाळत घालायला ऊन नव्हतं.

एक गंमत मात्र सांगते. २०२५च्या एप्रिलमध्ये मी गेले ती पाहुणी म्हणून. व्हिसाचं नावच पाहुण्यांचा व्हिसा, मुदत सहा महिने. त्यात नियम असा, की पाहुणीने काम करायचं नाही. नातवंडाला सांभाळलेलं चालतं, पण ती नोकरी असता कामा नये. म्हणजे पैसे न घेता केलं तर ते काम नाहीच! आपण गेली चाळीस वर्षं ज्यावर भांडतोय, ते त्यांनी एका ओळीत लिहून ठेवलंय. मी सहा महिने पहाटे पाचला उठत होते आणि सरकारदप्तरी मी विश्रांती घेत होते.

माझ्यानंतर पुढचे सहा महिने विहीणबाई. तिकडे असंख्य घरांतून हीच पद्धत आहे, आधी मुलीची आई, मग मुलाची आई. पाळी बदलते तशा आज्या बदलतात. आईवडिलांना कायमचं नेणं २०१२ सालच्या नियमांनंतर जवळजवळ अशक्यच झालंय. आणि पाळणाघर परवडत नाही. तिथे नोकरदार आईबापांच्या नऊ महिन्यांपुढच्या मुलांना सप्टेंबर २०२५पासून आठवड्याला ३० तास पाळणाघर सरकारी खर्चाने मिळतं. पण आईबाप दोघंही कामाच्या व्हिसावर असले, म्हणजे सरकारी निधीवर दोघांपैकी एकाचाही हक्क नसला, की ते मिळत नाही. कर मात्र सगळ्यांसारखाच कापला जातो. तेव्हा आज्या.

तर विहीणबाई सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आल्या आणि माझं परतीचं तिकीट पाच ऑक्टोबरचं होतं. लेक म्हणाली, "आई, तू इतके दिवस घरातच काढलेस. मी रजेवर आहे, गाडी आहे, चल तुला सगळ्यांना भेटवून आणते." बाळंतपणाची रजा तिथे ५२ आठवडे, त्यातल्या ३९ आठवड्यांचे पैसे मिळतात. जावयांना वडील झाल्याबद्दल मिळालेली दोन आठवड्यांची रजा केव्हाच संपली होती. म्हणून गाडीत आम्ही चौघीच. लेक चालवायला, शेजारी विहीणबाई, मागे मी आणि पाच महिन्यांची नात तिच्या खुर्चीत उलटं तोंड करून बांधलेली.

विहीणबाई अमरावतीच्या. तीस वर्षं पोस्टाच्या काउंटरवर नोकरी केलेली बाई. आमचं लग्नापासून गोड बोलणं होतं, पण ते विहिणींचं गोड बोलणं. त्यांना माझ्या गटाचं काम ठाऊक होतं आणि त्यांचं मत मला कळलेलं होतं, की ह्या बायका संसार जोडण्यापेक्षा तोडण्यात पुढे. मीही मनात धरून होते की बाई कर्मठ आहेत. हे आधीच कबूल करून ठेवते, कारण पुढे मला मागे घ्यावं लागलं.

पहिल्या दिवशी वाटेत वाँटेजला थांबलो. तो माझा हट्ट होता. लहानसं गाव आहे, चौकात आल्फ्रेड राजाचा पुतळा. पंडिता रमाबाई १८८३ साली इथल्या जोगिणींच्या मठात येऊन राहिल्या होत्या. दोन वर्षांची मनोरमा बरोबर, नवरा वारलेला, आईबाप दुष्काळात गेलेले. बोटीचं भाडं कुणी दिलं? 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक त्यांनी १८८२ साली लिहिलं होतं, त्याच्या विक्रीतून. म्हणजे बाईने आपलं तिकीट आपण काढलं. त्यांच्याबरोबर आनंदीबाई भगत म्हणून एक मैत्रीण होती. काही महिन्यांतच तिने तिथे जीव दिला. रमाबाईंविषयी आपण खूप बोलतो, पण ह्या आनंदीबाईंविषयी कुणी फारसं बोलत नाही. परमुलुखात, थंडीत, भाषा परकी, आणि बरोबरची बाई एवढी कर्तबगार! मला तिथे उभं राहून तिचीच आठवण जास्त आली. मठाची जुनी इमारत बाहेरूनच पाहिली. नातीने रडायला सुरुवात केली म्हणून निघालो. चेल्टनहॅमचं ते मुलींचं कॉलेज, जिथे रमाबाई पुढे शिकल्या, ते तर गाडीतूनच पाहिलं.

गाडीत विहीणबाई म्हणाल्या, "आमच्या शाळेत रमाबाई एवढ्याच सांगितल्या होत्या, का धर्म बदलला." मग मी त्यांना रखमाबाईंची गोष्ट सांगितली. लहानपणी लग्न झालेलं, नांदायला जायचं नाही म्हणाल्या, नवरा कोर्टात गेला. १८८७ साली कोर्टाने सांगितलं, नांदायला जा नाहीतर तुरुंगात. त्या म्हणाल्या तुरुंगात जाईन. शेवटी १८८८ साली नवऱ्याने दोन हजार रुपये घेऊन दावा सोडला, आणि ह्या बाई १८८९ साली लंडनला येऊन डॉक्टरीण झाल्या. नांदायला लावायचा तो कायदा आला होता इंग्लंडातूनच. इंग्लंडने तो १९७० साली कायदा करून काढून टाकला. आपल्या हिंदू विवाह कायद्यात कलम ९ अजून आहे. विहीणबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "दोन हजार म्हणजे त्या काळी लई झाले."

बर्मिंगहॅमला मावसभावाकडे मुक्काम केला. दादा १९७४ साली डॉक्टर म्हणून गेले ते तिथेच राहिले. वहिनींनी आयुष्यभर त्यांच्या दवाखान्याचं टेबल सांभाळलं, पुस्तकात पगार लावलेला नव्हता, त्यामुळे आज त्यांची स्वतःची पेन्शन नावापुरती. त्या हसत हसत सांगत होत्या. ह्यावर वेगळं बोलायला हवं, आज वेळ नाही. पुरणपोळी उत्तम झाली होती.

आता मँचेस्टर.

मँचेस्टरला माझी सख्खी भाची, बहिणीची मुलगी. हे मी तिला विचारून सांगते आहे. तिने सांगितलंय नाव घेऊ नकोस, बाकी सगळं सांग. वय एकोणतीस, बी. फार्म. लग्नाला तीन वर्षं झाली. नवरा संगणकवाला, कामाच्या व्हिसावर गेलेला, आणि ही त्याची अवलंबित. शब्द बघा कसा आहे. बहिणीने निघताना मला बजावून सांगितलं होतं, "तिचं सगळं छान आहे, बघून ये आणि मला फोटो पाठव."

घर छान होतं. जावई बोलायला अतिशय मर्यादशील, वाकून नमस्कार केला. चहा भाचीने केला, पण दूध किती घालायचं ते तिने त्याच्याकडे बघून घातलं. मला ते दिसलं आणि मी सोडून दिलं. जेवणं झाल्यावर जावई म्हणाले, "मावशी, तुमचं विमान रविवारी ना? हिलाही त्याच विमानाने पाठवतोय. बरेच दिवसांत आईकडे गेली नाही. महिनाभर राहून येईल. तुम्हालाही सोबत होईल."

मैत्रिणींनो, खरं सांगते, मला आनंद झाला. हीथ्रोच्या त्या लांबलचक वाटांची मला धास्ती होती. गुडघा दुखतो, इंग्रजी बोलताना अडखळते. म्हटलं, बरं झालं. पंचवीस वर्षं टाकलेल्या बायकांच्या केसेसचे कागद लिहून घेणारी मी, आणि मला त्या रात्री त्यात काहीही वावगं वाटलं नाही. आपल्या घरातलं असलं की डोळ्यावर पडदा येतो तो असा.

पडदा काढला विहीणबाईंनी. आम्ही दोघी एका खोलीत झोपलो होतो. भिंतीला लागून भाचीच्या दोन बॅगा भरून तयार होत्या. विहीणबाई अंधारात म्हणाल्या, "ताई, एक विचारू? राग नका मानू. महिन्यासाठी माहेरी जाणारी पोरगी डिग्रीची सर्टिफिकिटं काहून नेते?"

म्हटलं, कसली सर्टिफिकिटं?

त्यांनी सांगितलं. संध्याकाळी बॅगेचं वजन करताना जावयाने वरची फाइल काढून परत खाली घातली होती. दहावीपासूनचे सगळे मूळ कागद. लग्नातले दागिने. लग्नातला शालू. गरम कोट मात्र नाही, तो दाराच्या मागेच लटकत होता. "आणि तिकीट त्याने मोबाईलवर दाखवलं ना तुम्हाला? मी चष्मा लावून पाहिलं. जायचंच आहे. यायचं नाही त्यात." पोस्टाच्या काउंटरवर तीस वर्षं काढलेली बाई. कागद वाचायची सवय.

मी उठून बसले.

आपल्याकडे ह्या केसेस येतात, तुम्हाला ठाऊक आहे. नवरा सुट्टीला म्हणून आणतो, माहेरी सोडतो, पासपोर्ट घेऊन एकटा परत जातो. मग तिकडच्या सरकारला कळवतो की आमचं नातं संपलं. बायकोचा व्हिसा त्याच्या जिवावरचा, तो रद्द. ती इथे बसून पत्रं लिहिते. फरक इतकाच होता की ह्या वेळी सोडायला त्याला यावं लागणार नव्हतं. सोडायचं काम मावशी करणार होती, आणि ते तिला प्रेमाने वाटत होतं.

सकाळी मी जावयाला काही बोलले नाही. बोलून टाकावं असं फार वाटत होतं, पण लेकीने डोळे वटारले. मी एवढंच म्हटलं, की आम्ही आज शहर बघतो, आणि उद्या लेस्टरला माझ्या नणंदेकडे जाणार आहोत, तिथून रेडिंग आणि मग विमानतळ. तेव्हा हिला आमच्याबरोबरच नेते, तुम्हाला रविवारी उगाच हीथ्रोपर्यंत हेलपाटा नको. तो इतका खूश झाला की दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः दोन्ही बॅगा खाली आणून गाडीत ठेवल्या. विहीणबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "आणि हिचा पासपोर्ट? तो माझ्याकडे द्या, मी सांभाळते, ह्या दोघी धांदरट आहेत." त्याने दिला.

पण त्याच्या आधीचा तो शहर बघायचा दिवस सांगायला हवा. नेल्सन स्ट्रीटवर ६२ नंबरचं घर आहे, आता मोठ्या इस्पितळाच्या इमारतींनी वेढलेलं. एमेलिन पँकहर्स्ट तिथे राहत होत्या. १० ऑक्टोबर १९०३ रोजी त्यांच्या बैठकीच्या खोलीत बायकांच्या मताधिकाराची ती लढाऊ संघटना स्थापन झाली. ठरावीक दिवशीच उघडं असतं, आमच्या नशिबाने त्या दिवशी होतं. खोली आपल्या ह्या खोलीपेक्षा फार मोठी नाही. मी उगाच भव्य काहीतरी डोळ्यासमोर धरलं होतं. पण मला आवडलं ते दुसरंच. हे घर नुसतं संग्रहालय करून ठेवलेलं नाही. ते सांभाळणारी जी विश्वस्त संस्था आहे, तीच मँचेस्टरमध्ये घरात छळ होणाऱ्या बायकांना मदत करण्याचं काम चालवते.

भाची भिंतीवरचे फोटो बघत होती. मी तिच्याजवळ जाऊन सरळ विचारलं, तुला परतीचं तिकीट नाही हे तुला माहीत आहे का?

ती म्हणाली, "माहीत आहे मावशी. तो म्हणाला, यायचं ठरलं की काढू."

"मारतो का?"

"मारत नाही गं."

हे "मारत नाही गं" आपण किती वेळा ऐकलंय! मग ती हळूहळू बोलायला लागली. बँकेत खातं नाही. दुकानात जाऊन आलं की पावती दाखवायची. फोन त्याच्या नावावर, बिल आलं की कुणाला किती मिनिटं बोललीस ते तो वाचतो. आणि तिला सांगितलेलं असं, की तुझ्या व्हिसावर तुला काम करायची परवानगी नाही. तीन वर्षं ती बी. फार्म. झालेली मुलगी हे खरं धरून घरात बसली होती. माझी लेक मागे उभी होती, ती म्हणाली, "अगं वेडे, कामाच्या व्हिसावरच्या माणसाच्या बायकोला जवळजवळ कुठलंही काम करता येतं." भाचीचा चेहरा त्या वेळी जसा झाला, तसा मी तिचा कधी पाहिला नव्हता. ती रडली नाही, तिला राग आला. मला बरं वाटलं.

तिथून आम्ही एक फोन नंबर घेतला. त्यांच्याकडे देशभरासाठी चोवीस तास चालणारी, फुकट फोन करता येईल अशी सोय आहे, आणि हवा असेल तर दुभाषा मिळतो. फोन आम्ही दुसऱ्या दिवशी लेस्टरच्या वाटेवर, मोटारवेवरच्या थांब्यावर गाडी उभी करून केला. एका बाजूला नातीला पाजणं चालू, एका बाजूला हा फोन. त्यांनी पुढे एका वकीलबाईंशी गाठ घालून दिली. जे कळलं ते थोडक्यात सांगते, कारण तुमच्यापैकी कुणाच्या तरी मुलीला, भाचीला हे लागू शकतं.

मारहाण न करता सतत मुठीत ठेवणं, जीव मेटाकुटीला आणणं, हा तिकडे डिसेंबर २०१५पासून गुन्हा आहे. पैशांची कोंडी करणं हा छळच आहे हे त्यांनी २०२१च्या कायद्यात लिहिलं. इथे मला जरा अभिमान वाटला, कारण आपल्या २००५च्या कायद्यात आर्थिक छळ हा शब्द आहेच. तो वापरायला आपल्याला किती खेपा घालाव्या लागतात ते सोडा. व्हिसाचं मात्र अवघड आहे. नवरा तिथला नागरिक असेल किंवा कायमचा राहायला परवानगी मिळालेला असेल, तर छळामुळे वेगळ्या झालेल्या बायकोला स्वतःच्या हक्काने राहायचा अर्ज करता येतो. ते तिथल्या बायकांच्या संघटनांनी, साउथॉल ब्लॅक सिस्टर्ससारख्यांनी, वर्षानुवर्षं भांडून मिळवलंय. पण नवरा स्वतःच कामाच्या व्हिसावर असेल, तर तो रस्ता नाही. फेब्रुवारी २०२४पासून अशा बायकांनाही तीन महिन्यांची सवलत मिळते. तेवढ्या काळात सरकारी मदत, निवारा घेता येतो. त्यानंतर एकतर स्वतःच्या पायावर दुसरा व्हिसा मिळवायचा, नाहीतर परत यायचं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, वकीलबाईंनी बजावलं, की विमानात बसायच्या आधी विचार करा. देशात असताना बाईच्या हातात थोडं तरी असतं. बाहेर गेली आणि नवऱ्याने कळवलं, की तिचा व्हिसा ती बाहेर असतानाच रद्द होऊ शकतो. मग ती दारातून आत येऊ शकत नाही. व्हिसाचा आता कागदही नसतो. सगळं संगणकावर. पासपोर्ट विहीणबाईंच्या पिशवीत होता, पण व्हिसाच्या खात्याला ई-मेल नवऱ्याचा आणि सांकेतिक आकडा यायचा तोही नवऱ्याच्या फोनवर!

लेस्टरला अक्का. माझ्या यजमानांची थोरली बहीण, बडोद्यात वाढलेली. १९७०मध्ये एका गुजराती मुलाशी लग्न करून कंपालाला गेली, तेव्हा सासऱ्यांनी तिचं नाव टाकलं होतं. दोन वर्षांत इदी अमीनने सगळ्या आशियाईंना नव्वद दिवसांत निघून जायला सांगितलं. लेस्टरच्या नगरपालिकेने तर कंपालाच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती, की आमच्या गावात येऊ नका, जागा नाही. अक्का म्हणते, "ती जाहिरात वाचून तर आम्हाला कळलं की लेस्टर नावाचं गाव आहे." पंचवीस वर्षं तिने होजिअरीच्या कारखान्यात शिलाई मारली. १९७४ साली इंपीरियल टाइपरायटर्सच्या कारखान्यात आशियाई कामगारांनी संप केला, युनियनने त्यांना पाठिंबा दिला नाही, आणि तरी ते तीन महिने चिकटून राहिले. ते सगळं तिने डोळ्यांनी पाहिलंय. आता ती एकटी असते. यजमान गेले, मुलगा कॅनडात. सांधे धरलेत.

तिला आम्ही सगळं सांगितलं. ती म्हणाली, "वरची खोली रिकामी आहे," आणि कणीक मळायला घेतली.

पण एवढं सोपं नव्हतं ते. शुक्रवारची रात्र आणि अख्खा शनिवार भाची बोललीच नाही. बेलग्रेव्ह रोडवर आम्ही हिंडलो, साड्यांची दुकानं, मिठाईची दुकानं, ती नुसती बरोबर चालत होती. मी काय केलं ते सांगते. मी तिला दुपारी म्हटलं, "चल बाळा घरी, आपण तिथून लढू." कायद्याच्या दृष्टीने तेही खोटं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली सांगितलंय, की छळाची तक्रार बाई जिथे आश्रयाला आली तिथे करता येते. पण मी म्हटलं ते त्यासाठी नाही. मला बहिणीची भीती वाटली. रिकाम्या हाताने परत जाऊन मी तिला काय तोंड दाखवू, हा विचार होता. भाचीने माझ्याकडे बघितलं, काही बोलली नाही.

दुसरीही एक शंका मला खात होती, ती मी अक्कांसमोरच बोलून दाखवली. म्हटलं, वन्सं, तुम्ही आजारी, एकट्या. ही इथे राहिली तर दोन महिन्यांत तुमची फुकटातली कामवाली होईल. नवऱ्याच्या घरातून सुटून नात्याच्या घरात अडकली, असं नको. अक्कांना राग आला. यायलाच हवा होता. मग विहीणबाई म्हणाल्या, "मग लिहूनच ठेवा ना." आणि त्यांनी एका पाकिटाच्या पाठीमागे मराठीत लिहून काढलं. नोकरी लागेपर्यंत भाडं नाही. लागल्यावर आठवड्याला पन्नास पौंड. स्वयंपाक एक दिवसाआड. औषधं देणं हे भाचीचं काम नाही, गरज लागली तर पालिकेची बाई लावायची. खोलीची किल्ली भाचीकडे. खाली दोघींच्या सह्या, साक्षीदार म्हणून आमच्या. सही करताना भाची पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "पन्नास जास्त होतात. चाळीस करा." अक्का म्हणाली पंचेचाळीस.

रविवारी सकाळी आम्ही निघालो तेव्हा ती दारात उभी होती, अक्कांचा जुना गरम कोट घालून.

हीथ्रोला माझ्यासाठी चाकांची खुर्ची लेकीने आधीच सांगून ठेवली होती. विहीणबाईंनी माझ्या हातात मेतकुटाची रिकामी बरणी दिली, "पुढच्या खेपेला भरून आणा." आम्ही एकमेकींना मिठी मारली, नऊ वर्षांत पहिल्यांदा. विमानात माझ्या शेजारची खुर्ची रिकामीच होती. जावयाचे फोन मुंबईत उतरल्यावर सुरू झाले. मी त्यांना सांगितलं, ती तिच्या मर्जीने राहिली आहे आणि सुखरूप आहे. पत्ता सांगितला नाही.

बहिणीला सांगणं त्याहून कठीण होतं. ती म्हणाली, "तू लोकांच्या मुलींचे संसार मोडतेस ते कमी झालं म्हणून माझ्या मुलीचा मोडलास." फोन ठेवला. दिवाळीला मी फराळ घेऊन गेले, तो मेहुण्यांनी घेतला, ती आतून बाहेर आली नाही.

भाचीचं सांगायचं तर, व्हिसाच्या खात्याचा ई-मेल बदलून घ्यायलाच तीन आठवडे गेले. स्वतःचं बँकखातं निघालं. औषधांच्या दुकानात काउंटरवर काम मिळालं. फार्मसिस्टचं काम तिकडच्या परीक्षा दिल्याशिवाय करता येत नाही, आणि तेवढा वेळ तिच्या हातात आहे का ते ठरायचं आहे. व्हिसाचं प्रकरण वकीलबाईंकडे चालू आहे, त्यावर मी इथे बोलत नाही. कदाचित तिला परत यावं लागेल. ती म्हणते, आले तर माझ्या तिकिटाने येईन. अक्का आणि तिचं दर आठवड्याला भांडण होतं, मुख्यतः टीव्हीच्या आवाजावरून.

आणि बहिणीने माझ्याशी बोलणं अजून सुरू केलेलं नाही. पण मागच्या आठवड्यात माझ्या सुनेला तिचा फोन आला होता. लेस्टरचा नंबर हवा होता, आणि विचारत होती, तिकडे आणि इकडे किती तासांचा फरक असतो.

चहा आलाय वाटतं. प्रश्न असतील तर विचारा. त्या वकीलबाईंनी दिलेले कागद मी झेरॉक्स करून आणलेत, ज्यांना हवे त्यांनी घेऊन जा.